भाऱ्याची वाट

“वाट दाखव, द्वारके. कड्याच्या अंगानं माणूस उतरतं एवढं मला दाखव. मी हितंच, मानाईच्या देवळाम्होरं, चार माणसांत शब्द मागं घेतो.”

बजाबा देवळाच्या पायरीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. शेजारी दोघे-तिघे बसले होते, त्यांच्यातला एक हसला. मी उन्हात उभी होते. बसायला कुणी म्हटलं नाही.

“आणि नाही दाखवली तर?” मी विचारलं.

“तर भाकरी खाऊन जा. माहेरवाशीण हायेस, उपाशी कशाला धाडू?”

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, दिवाळी होऊन महिना झाला होता तेव्हाची. मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि पुण्यात एका बालवाडीत शिकवत होते. बारा दिवसांपूर्वी माझ्या मुलीचं, शैलाचं, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांनी चौकशीसाठी माझ्या माहेरी, साळवंडीला, माणूस पाठवला. त्याला बजाबा भेटला; गावात त्याचा शब्द चालतो. बजाबाने सांगितलं, पोरगी गुणाची आहे, आईबाप सरळ आहेत, आजीचं तेवढं काही विचारू नका. विचारू नका म्हटल्यावर त्यांनी विचारलं.

ते स्थळ मला परत नको होतं. मला तो शब्द परत घ्यायला लावायचा होता. शैलाने दोन दिवस जेवण टाकलं, पुढे आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि मग एकदा भांडी विसळता विसळता विचारलं, “आई, आजी खरंच तशी होती का?”  दुसऱ्या दिवशी मी साळवंडीची एस.टी. धरली.

माझी आई मी अकरा वर्षांची असताना गेली. साळवंडीच्या पाठीशी मानाईचा डोंगर आहे, तळापासून माथ्यापर्यंत दाट जंगलाचा. माथ्यावर देवीचं मूळ ठाणं आहे. तिथे जायची वाट पूर्वेकडून, पायथ्याच्या देवळापासून निघते. ती सगळ्या गावाची वाट. आई सापडली ती पश्चिमेला, कड्याच्या तळाशी. तिच्याजवळ काही नव्हतं. कोयता नाही, दोरी नाही, लाकडाची काडीसुद्धा नाही. पंचनाम्यात लिहिलं गेलं की त्या बाजूला वाट नाही. मग ती तिकडे गेली कशाला? त्या वर्षी माथ्याच्या पश्चिम अंगाला जंगलतोडीचा ठेका चालू होता. कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या, आणि भट्ट्यांवर परमुलखातला एक देखणा मिस्त्री होता. गावाला उत्तर सापडायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा बायका एकमेकींकडे कशा बघत होत्या ते मी पाहिलं आहे. तेरावा झाला आणि मामा मला भोरला घेऊन गेला.

“तुझ्या आबांनाच इचार,” बजाबा म्हणाला. “ठेक्यावर मुकादम व्हते. डोंगराचं पान न् पान त्यांना ठावं. पंचनाम्यात त्यांनीच सांगितलं, तिकडं वाट न्हाई म्हणून. आमी आमच्या पदरचं काय घातलं?”

“पदरचं काय घातलंत ते माझ्या मुलीला विचारा.”

“बगा, जीभ कशी चालतीया,” तो शेजारच्याला म्हणाला. “ही बी आईवर गेली.” आणि सुपारी तोंडात टाकली.

आबा, माझे वडील, घरी एकटेच राहत. सहासष्ट वर्षांचे होते, पण पाठ ताठ होती आणि चालण्यात तोच जुना मुकादमाचा रुबाब होता. मी वाट शोधायला निघणार म्हटल्यावर त्यांनी कोयता उचलला आणि पायात वहाणा घातल्या. त्यांनी मला एकटीला जाऊ दिलं नाही, याचं मला त्या वेळी बरं वाटलं.

“कुठून सुरुवात करायची, आबा?”

“कुठनं बी कर. नसलेली वाट कुठनं बी सारखीच.”

पश्चिमेच्या ओढ्यातून आम्ही वर चढलो. पुढे आबा, मागे मी. पाणी आटलेलं होतं, दगड हिरवे आणि निसरडे होते. तासाभराने ओढा एका उभ्या कातळाखाली संपला. आम्ही मागे फिरलो. दुसऱ्या बाजूने चढलो तर कारवीचं रान लागलं, माणूस बुडेल इतकं उंच. आबा कोयत्याने सपासप तोडत पुढे जात होते, आणि जिथे तोडणं संपलं तिथे खाली दरी होती.

“आई संध्याकाळी मागल्या दाराने लाकडं घेऊन यायची,” मी म्हणाले. “मला आठवतंय. मागल्या दाराने म्हणजे पश्चिमेकडून.”

“वढ्यातली आणत आसंल. पुराबरोबर येत्यात.”

“पूर मार्गशीर्षात कुठला?”

“तुला आकराव्या वर्साचं काय आठवतंय? गुरं बी जात न्हाईत हिकडं. आन् समज, घावली वाट. ती माणसं लगीन करनार हायेत व्हय परत?”

दिवस कलेपर्यंत आम्ही चार ठिकाणी चढलो आणि चारही ठिकाणांहून उतरलो. माझे हात कोपरापर्यंत ओरखडले होते. पायथ्याशी आल्यावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माझं समाधान झालं,” ते म्हणाले. “तुझं बी झालं आसंल. उद्या दुपारची गाडी हाय.”

घरी जायच्या आधी मी मागल्या आळीला गोजराकाकूकडे गेले. ती आईच्या बरोबरीची, आईची बोलायची-बसायची जागा. तिचे गुडघे गेले होते. दारात पाय पसरून ती मशेरी लावत होती.

“ये बाय. हातांचं काय केलंस? मांजर चावलं का नवरा?”

“वाट शोधत होते. पश्चिमेची.”

तिचं बोट दातांवर थांबलं. मग पुन्हा फिरायला लागलं. “घावली?”

“नाही. आबांबरोबर ओढ्यातून वर गेलो, चारदा.”

“खालनं वर?” ती एकदम हसली. “आगं, ती वाट खालनं नव्हतीच कधी...”

 मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“काकू, बोला.”

“मी काय बोलले? म्हातारी झाले, कायबी बरळते.”

“तुम्ही बोलल्याशिवाय मी उठत नाही. माझ्या पोरीचं लग्न मोडलंय.”

तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. एकदा रस्त्याकडे बघितलं. मग आवाज खाली करून म्हणाली, “वर जाताना देवळाच्या वाटेनं जायचं. हातात नारळ घ्यायचा, देवीला चाललो म्हणायचं. कोयता न् दोरी लुगड्यात. येताना भारा घेऊन कड्याच्या अंगानं उतरायचं. तिकडनं ठेक्याची चौकी दिसत न्हाई. ती वाट पयल्यापासनंच निस्ती उतरायची. चढाय गेलं तर घावत न्हाई.”

“किती जणी जायच्या?”

“समद्या.”

“सगळ्या? आणि एकीनेही तोंड उघडलं नाही?”

“वाट हाय म्हणलं आसतं तर लाकूड चोरतो म्हणल्यासारखं झालं आसतं. माझा मालक ठेक्यावर, हिचा ठेक्यावर, तिचा ठेक्यावर. समद्यांच्या चुली त्याच्यावर.”

“आणि माझी आई?”

“ती मेली व्हती, बाय.”

“म्हणून तिच्यावर ढकलायला सोपं गेलं.”

“हां,” गोजराकाकू म्हणाली. “सोपं गेलं.”

तिने नाकारलं असतं तर मी ओरडले असते. तिने मान खाली घातली नाही, रडलीही नाही, आणि माझ्या तोंडातलं पुढचं सगळं तोंडातच राहिलं. ती चौकट धरून उठली, आत गेली आणि दोरीचं भेंडोळं आणि जुन्या लुगड्याची चुंबळ घेऊन आली.

“मोकळ्या डोक्यानं घावायची न्हाई ती. डोळ्यानं शोधशील तर रानच दिसंल. माथ्यावर भारा बांध, डोक्यावर घे न् उतर. मान भरून आली, आता एक पाऊल जमत न्हाई वाटलं, की तिथं इसावा आसतोय. दोन उभे दगड न् वर आडवी शिळा, बाईच्या खांद्याला लागंल एवढी उंच. पाठ लावायची न् भारा वर टेकवायचा. एकटीनं जमिनीवर टाकला तर परत उचलून कोण देणार? म्हणून आमच्या सासवांच्या सासवांनी मांडलेत. सात हायेत.”

“पुरुषांना माहीत नाहीत?”

“बाप्या कधी डोक्यावर वझं घेतोय? त्याची कावड खांद्यावर. त्याला दगूड म्हंजे दगूड.”

“तुम्ही शेवटच्या कधी गेलात?”

“तुझ्या आईच्या आधी. तिच्यामागं कोण गेलं न्हाई. भ्यालो.”

सकाळी आबांनी माझ्या हातात दोरी आणि चुंबळ बघितली. हे कुठून आणलंस, असं त्यांनी विचारलं नाही. गुडघा दुखतोय म्हणाले.

“राहा मग घरी,” मी म्हणाले. “मी जाते.”

देवळाची वाट निम्मी चढून झाली तेव्हा मागे त्यांच्या वहाणांचा आवाज ऐकू आला.

माथ्यावर हिरड्याची आणि जांभळीची जुनी झाडं आहेत. सावलीत थंडी वाजत होती. मी वाळक्या फांद्या गोळा केल्या. आबा देवीच्या ठाण्यापाशी बसून बघत राहिले. भारा बांधून झाल्यावर मी चुंबळ डोक्यावर ठेवली.

“उचलून द्या.”

“द्वारके, येडेपणा करू नको. तुला सवय न्हाई.”

“उचलून द्या, आबा.”

त्यांनी उचलून दिला. बाईच्या डोक्यावर भारा त्यांनी जन्मात पहिल्यांदाच चढवला असेल, कारण तो एका बाजूला कलला आणि मलाच हाताने सरळ करावा लागला.

मी पश्चिमेला उतरायला लागले. डोक्यावर ओझं असलं की खाली बघता येत नाही आणि वाकताही येत नाही. फांदी आडवी आली की तिच्याखालून जायचा प्रश्नच नसतो, तुम्ही बाजूला वळता. पाय आपोआप कमी उताराचा शोध घेतात. दहा-वीस पावलांतच माझ्या लक्षात आलं, मी जिथे वळत होते तिथे वळायला जागा होती. कारवी दाट होती, पण तिच्या बुंध्यांमध्ये एका पावलाइतकी सपाट जमीन पुन्हा पुन्हा पायाखाली येत होती. आदल्या दिवशी आबांनी कोयत्याने तोडून जी वाट शोधली, तिथे असं काही नव्हतं.

मान भरून आली. खांद्यांत आग उठली. आता टाकावाच लागणार असं वाटलं आणि समोर वेलींनी झाकलेला एक उंचवटा दिसला. मी त्याला पाठ लावली, भारा मागे सरकवला. तो बसला. डोक्यावरचं सगळं वजन एका क्षणात गेलं.

मी वळून शिळेवरचं शेवाळ नखांनी खरवडलं. शिळेचा मधला भाग घासून घासून गुळगुळीत झाला होता.

“हे काय आहे, आबा?”

“दगूड हाय.”

“दोन उभे, एक आडवा. आपोआप बसले का?”

“दोन दगडांनी वाट व्हती का?”

“दोन नाहीत, सात आहेत. चला.”

दुसरा विसावा असाच सापडला, मान बरोबर तेवढीच भरून आल्यावर. तिथे मी मोठ्याने हसले. बजाबाचा चेहरा मला दिसायला लागला होता. त्याला इथे आणायचं, त्याच्याच डोक्यावर भारा द्यायचा, असं काहीबाही मी आबांना सांगत होते. ते माझ्यापासून आठ-दहा पावलं मागे राहत होते.

दुसऱ्या विसाव्यानंतर वाट कड्याच्या कडेला आली. डाव्या हाताला कातळाची भिंत, उजव्या हाताला काही नाही. मधली पट्टी दोन हातांची. भ्यायला झालं नाही, कारण भारा असला की नजर सरळच राहते. मान भरून आली. मी समोर बघितलं. नुसती कारवी होती. आणखी चाळीस पावलं टाकली. मला वाटलं तिसरा विसावा माझ्या नजरेतून सुटला असेल, किंवा पुढच्या वळणावर असेल. वळण आलं. नव्हता. एकेक पाऊल टाकताना दात आवळावे लागत होते. मग चौथा तरी येईल. थोडंच राहिलं असेल.

“टाक!” मागून आबा ओरडले. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “द्वारके, टाक भारा!”

“थांबा, दगड येईल आता.”

“न्हाई यायचा! आता खालपतोर एकबी न्हाई! टाक म्हणतो ना!”

मी भिंतीला अंग टेकलं आणि भारा डोक्यावरून लोटून दिला. तो कडेवरून गेला. खाली आदळल्याचा आवाज बराच उशिरा आला.

मग मी वळले.

“एकही नाही, हे तुम्हाला कसं माहीत?”

 मी त्यांच्या अंगावरून मागे गेले, आले होते त्या बाजूला. या टप्प्यात मान पहिल्यांदा भरून आली होती तिथे भिंतीलगतची कारवी उपटून काढली. शिळा तिथेच होती. उताणी पडली होती. दोन्ही उभे दगड मुळातून कलंडले होते, आणि त्यांच्या बुडाशी, शेवाळाखाली, पहार घालून उचकटल्याच्या खोल खाचा होत्या.

“कुणी पाडले?”

आबा कातळाला टेकून खाली बसले. “सायबानं सांगितलं, बायका लाकूड नेत्यात, वाट बंद कर. न्हाईतर मुकादमी दुसऱ्याला देतो.”

“काटे टाकायचे. चौकी बसवायची.”

“काटं त्यांनी कोयत्यानं काढलं आसतं.”

“दगड पाडले की बाई भारा घेऊन उतरू शकत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पुरुषांना तर दगड म्हणजे दगड.”

“तीच सांगायची,” तो म्हणाला. “घरी आली की पाय शेकत बसायची न् सांगायची. आज तिसऱ्या इसाव्यावर लई वारं व्हतं, जीव गार झाला, आसं.”

त्या क्षणापासून मी त्याला कधी अहो-जाहो केलेलं नाही.

“किती पाडलेस?”

“पाच. खालनं वर येत. वरचे दोन ऱ्हायले. दिस बुडाला. दुसऱ्या दिशी पाडणार व्हतो.”

“दुसऱ्या दिवशी ती गेली.”

“मी तिला म्हणलं व्हतं, आठ दिस जाऊ नको.”

“का जाऊ नको ते सांगितलंस?”

“घरात सरपण नव्हतं,” तो म्हणाला. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि होतंही.

वरचा पहिला दगड त्याने पाडला असता तर तिला ते पहिल्याच टप्प्यात कळलं असतं. भारा टाकून ती माथ्याकडे परत फिरली असती. पण पहिला होता. दुसराही होता. म्हणून ती तिसऱ्याच्या भरवशावर या कडेवर आली. मग चौथ्याच्या. माझा भारा हलका होता. तिने पूर्ण दिवसाचं लाकूड बांधलेलं असणार.

“तिच्याजवळ भारा का नव्हता? कोयता कुठे गेला?”

“मी पयला पोचलो व्हतो.”

“मग?”

“ठेक्याचं लाकूड व्हतं, द्वारके. मुकादमाच्याच बायकोजवळ. मी वढ्याच्या डोहात टाकलं. दोरी, कोयता, समदं.”

“आणि ती तिथे मोकळ्या हाताने पडलेली दिसली.”

“लोक आसं काय बोलतील हे मला काय ठावं?”

“बोलायला लागल्यावर तर कळलं? अठ्ठावीस वर्षं कळलं?”

तो उठून उभा राहिला होता, माझ्यापासून दोन हातांवर, दरीच्या बाजूला. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने हात लांबवून कारवीचा बुंधा धरला.

“खाली चल,” मी म्हणाले. “उद्या देवळासमोर सांगायचं. मला सांगितलंस तसंच, सगळं.”

त्याने सांगितलं, हे मला लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर पंधरा-वीस पुरुष जमले होते. भिंतीच्या कडेला बायका उभ्या होत्या, गोजराकाकू काठी टेकत आली होती. बजाबाने माझं ऐकून आदल्या दिवशीच दोन गडी माथ्यावर पाठवून दगड बघून घेतले होते. आबा पायरीवर बसला आणि बोलला. पहार कुठून आणली तेसुद्धा सांगितलं. 

बोलून झालं. मग एकाने आतून तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं.

“उन्हात बसू नका आबा, हिकडं सावलीला या.”

“पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं,” दुसरा म्हणाला.

“आन् बोलला बगा. ह्या वयात, चारचौघांत. मन लागतं त्याला.”

कुणीतरी चहा आणला. आबाने कप दोन्ही हातांनी धरला. बजाबा माझ्याकडे वळला. “द्वारके, झालं ते झालं. म्हातारा माणूस हाय. तू बी आता मनात काय ठेवू नको.”

चहा निवायच्या आत त्याला माफी मिळाली होती.

“तुमचा शब्द मागे घ्यायचा राहिला,” मी म्हणाले.

“घेतो की. बजाबा बोलला म्हंजे बोलला.” तो उठला. डोक्यावरची टोपी काढली, देवीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. “मानाईच्या साक्षीनं सांगतो. आमच्या आबांची मंडळी, ही जी...” आणि थांबला. मागे वळला. “काय गं नाव तिचं?”

मी त्याच्याकडे बघत राहिले.

“सखू का काय?” एकजण म्हणाला.

“सखू न्हाई, सखू खालच्या आळीची. ती बाळंतपणात गेली.”

“आमी आपलं मुकादमाची बायकोच म्हणायचो.”

“द्वारकेची आई म्हणा. चालतंय.”

“चालत नाही,” मी म्हणाले.

भिंतीकडून गोजराकाकूने तोंड उघडलं.

“तुम्ही सांगू नका, काकू. कुणीही सांगू नका. वाट मी शोधून दिली, नाव त्यांना शोधू दे. अठ्ठावीस वर्षं तिच्याबद्दल बोलताहेत, कुणाबद्दल बोलतोय ते आठवेल कुणाला तरी.”

बजाबा टोपी हातात धरून उभा होता. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी आबाकडे बघितलं. आबा कपात बघत होता.  बजाबाच्या मानेची शीर फुगली होती. “आसं आडवून धरायचं काम न्हाई, बये,” तो म्हणाला. “आमी मोठ्या मनानं...”

त्याचं मोठं मन ऐकायला मी थांबले नाही. पिशवी उचलली आणि फाट्याकडे निघाले. मागून कुणी हाक मारली नाही.

एस.टी.ला अर्धा तास होता. फाट्यावर मी एकटीच उभी होते. थोड्या वेळाने रस्त्याने आबा येताना दिसला. रुबाब गेला होता, पाय ओढत चालत होता. माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबला. दम लागला होता.

“सगुणा,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“सगुणा नाव व्हतं. मी इसरलो न्हाई.”

आईच्या माहेरची माणसं सोडली तर मी ते नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तो विसरला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हातारा झाला, पुसून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण त्याला ते येत होतं. थोड्या वेळापूर्वी, सगळे त्याच्याकडे बघत असतानाही येत होतं. पंचनाम्याच्या दिवशीही येत होतं.

वळणावर गाडीची धूळ दिसली.

“परत ते नाव घेऊ नकोस,” मी म्हणाले, आणि गाडी थांबल्यावर चढले.

शैलाला मी त्याच संध्याकाळी पहिल्यापासून सगळं सांगितलं. आबा त्यानंतर नऊ वर्षं जगला. गाव त्याला शेवटपर्यंत मानाने मुकादम म्हणत होतं असं कळलं. तो आजारी असल्याचं पत्र आलं, नंतर गेल्याची तार आली. मी गेले नाही.